आक्कांसाठी लावलेली बासरी

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत एक काळा, जड डबा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सागवानी खोकी दिसतात ना, तो सगळा मिळून मी. मी एक जुना स्टिरिओ आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका लहानशा दुकानात उदयसिंह मिस्त्रींनी मला जोडलं. पहिल्यांदा वायर लावून त्यांनी कान जवळ आणला आणि म्हणाले, "ब्येस बोलतंय." तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

मला घरी नेलं ते नागसेन यांनी. ते तेव्हा वारणानगरच्या डेअरीत नोकरीला होते. कॉलनीत माझ्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाकडे नव्हता, त्यामुळे रविवारी पाहुणे येत आणि आल्या पाहुण्याला मला ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. कोणाला काय ऐकवायचं हे नागसेन आदल्या दिवशी ठरवत. साहेबमंडळी आली की तबला. शेतकरी पाहुणे आले की ढगांचा गडगडाट असलेली एक कॅसेट. एकदा शाहूवाडीचे आकाराम ती ऐकता ऐकता उठून पायात चपला घालू लागले. "भात वाळत घातलंय की," एवढंच बोलून ते एस.टी.कडे पळाले. नागसेन यांना त्याचा अभिमान अजून वाटतो.

माझा आवाज सगळ्यात सुरेख कुठे ऐकू येतो, ठाऊक आहे? दोन्ही खोक्यांच्या समोर, बरोबर मधोमध. तिथे नागसेन एकच खुर्ची ठेवत. पुढे ते निवृत्त झाले, आम्ही कोल्हापुरात राहायला आलो. पण घर बदललं तरी ती जागा नेमकी स्वयंपाकघराच्या वाटेतच आली. मीनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जन्मभर त्या खुर्चीला वळसा घालून ताटं आणली.

मग दिवस पालटले. मुलगी प्रीती लिंबाएवढ्या स्पीकरवर गाणी ऐकू लागली. माझ्यावर भरतकामाचा रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली. मला वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात प्रीतीचं लग्न निघालं. मुलगा तिनेच पसंत केलेला, गडमुडशिंगीचा प्रसेनजीत. त्याचे वडील अण्णासो यांची ना नव्हती. राहिल्या होत्या फक्त अण्णासोंच्या थोरल्या बहीण, आक्का. त्या घरात आक्कांच्या होकाराशिवाय काही होत नसे, आणि आक्का पाहुण्याच्या घरात कधीच उत्तर देत नसत. "घरी जाऊन सांगते," म्हणत, आणि मग माणसं महिनोन्महिने वाट बघत. प्रीतीने तर जेवणच कमी केलं होतं.

नागसेन यांनी मात्र माझ्यावरची फुलदाणी उचलली.

"बाबा, आक्का यायच्यात. गाणी नकोत," प्रीती म्हणाली.

"गाणी न्हाईत गं. नुसती बासरी."

"बासरी असू दे न्हाईतर तुतारी," मीनाबाई आतून म्हणाल्या, "त्या तिथं बसल्यावर मी रस्सा कुठनं आणायचा? खिडकीतनं? आज हसं झालं, तर हा डबा संध्याकाळी माळ्यावर जाईल, सांगून ठेवते."

बासरी ठरायलाही आठवडा गेला होता. तबला लावला तर फळीवरच्या कपबश्या वाजल्या. एका बाईंचं गाणं लावलं, तर प्रीती म्हणाली, कुणीतरी रडतंय असं वाटतं. शेवटी बासरी. आधी नुसता तंबोरा, मग वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो आणि त्यामागून सूर. तो श्वास एखाद्या पाहुण्याने ऐकावा ही नागसेन यांची फार जुनी इच्छा. पण कोल्हापुरात पाहुणा गप्प बसला तर यजमानाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. त्यामुळे तो श्वास आजवर कुणी ऐकलाच नव्हता.

पाहुणे आले. जयभीम झाले, पाणी झालं. नागसेन यांनी आक्कांना मानाने त्या खुर्चीत बसवलं. बाकीचे भिंतीकडेला बसले.

"आता जरा सगळी शांत बसूया," नागसेन म्हणाले.

सगळे गप्प झाले आणि आक्कांकडे बघू लागले. मी हळूच तंबोरा धरला. आक्कांनी उजवीकडचं खोकं पाहिलं, डावीकडचं पाहिलं. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि वळून म्हणाल्या, "जमलेल्या बंधू-भगिनींनो."

मित्रांनो, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आक्का गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा. दोन मोठे स्पीकर, मधोमध एकच खुर्ची आणि गप्प बसलेली माणसं, असं त्यांनी आजवर दोनच वेळी पाहिलेलं. एक सत्कार, नाहीतर भाषण. नारळ कुठे दिसत नव्हता. म्हणजे भाषणच.

अण्णासोंनी चष्मा पुसायला घेतला. प्रसेनजीत फरशी बघू लागला. आणि नेमका तेव्हाच माझ्यातून तो श्वास आला, सूर वर चढू लागला. आक्का थबकल्या.

नागसेन यांचा हात माझ्या बटणावर होता. पाहुण्यांसमोर तो हात नेहमी आवाज वाढवायलाच फिरायचा. आताही वाढवला असता तर आक्का खाली बसल्या असत्या, बासरी ऐकली असती, आणि घरी जाऊन सांगते म्हणाल्या असत्या. नागसेन यांनी प्रीतीकडे पाहिलं. मग बटण उलटं फिरवलं, पार शेवटपर्यंत.

"मला बोलायला उभं केलं, आभारी हाय," आक्का पुढे म्हणाल्या. "लांबण लावत न्हाय. मगाशी पाणी देताना पोरीनं माझ्या डोळ्याकडं बघितलं, जमिनीकडं न्हाय. आमच्या घरात असंच माणूस पायजे. मला पसंत हाय. आन आक्का चारचौघांत उभी राहून बोलली की शब्द फिरवत न्हाय."

अण्णासोंनीच आधी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघराच्या दारात पातेलं धरून उभ्या राहिलेल्या मीनाबाई म्हणाल्या, "आक्का, आता वाईच सरका. रस्सा निवतोय."

जेवणं झाल्यावर प्रसेनजीतने आत्याला खरं काय ते सांगितलं. "मग तवाच सांगायचं न्हाईस व्हय?" आक्का हसून हसून खोकल्या. "लावा बघू ते. एवढं मांडलंय पावण्यांनी." आणि पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी ते अगदी गप्प राहून ऐकलं. "माणूस दमलाय जरा," त्या म्हणाल्या, "पर वाजवतोय गोड." तो श्वास अखेर एका पाहुण्याने ऐकला होता.

त्या संध्याकाळी मी माळ्यावर गेलो नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यावर फुलदाणी ठेवू नका, पाणी आत जातं. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. आणि पाहुणे आले की त्याला जरूर वाजवा, आम्हाला मिरवायला फार आवडतं. फक्त कुणी मनातलं बोलायला उभं राहिलं, तर आधी आमचा आवाज कमी करा. आम्ही रुसत नाही. मी इतकी वर्षं वाजलो, पण प्रीतीचं लग्न ठरलं ते मी गप्प होतो तेव्हा.