युद्धाचा आदर्श पाठ

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि लगेच वरून परिपत्रक आलं: लहान मुलांना युद्ध समजावून सांगावं. कसं, ते काही त्यात नव्हतं. सिल्लोडच्या आमच्या शाळेचे हेडमास्तर नानासाहेब यांना मात्र कशाचीच अडचण पडत नसे. ते म्हणाले, मी आदर्श पाठ घेतो, तुम्ही मागं बसून बघा आणि आपापल्या वर्गात तसंच शिकवा.

पाठासाठी त्यांनी निवडली तिसरी. मुनिराबाईंची.

"तुम्हाला अवघड जाईल, म्हणून म्हटलं."

"वर्ग माझा आहे, गुरुजी. मीच बोलते पोरांशी."

"आधी बघा तर खरं."

याच पोरांना पहिलीपासून शिकवणाऱ्या बाईला नेमकं काय अवघड जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं. मुनिराबाईंसकट आम्ही मागच्या बाकांवर जाऊन बसलो.

नानासाहेबांनी फळ्यावर नकाशा काढला. मग विमानं, रणगाडे, कुणी कुणाची किती पाडली. आवाज चढत गेला. पोरं खूश होती. फक्त बद्रीनाथ रडवेला झाला होता. त्याचा काका पलटणीत होता.

"गुरुजी, माहा काका वापस येईल ना?"

"शूर माणसं असं विचारत नसतात!"

बद्रीनाथनं मान वळवून मागं पाहिलं. "बाई, येईल ना?"

"मला माहीत नाही, बाळा," मुनिराबाई म्हणाल्या. "यावा असं लई वाटतं."

तो डोळे पुसून बसला. तेवढ्यात त्याच्या शेजारची साळू उठली. "बाई, तुमी कोणाकडून हैत?"

नानासाहेबांनी पोरीला दटावायला हवं होतं. एरवी खोकललं तरी दटावत. पण ते खडू हातात धरून मुनिराबाईंकडे बघत उभे राहिले. त्यांनाही उत्तर हवं होतं! मला त्यांचा असा संताप आला, की काय सांगू.

"साळू, हे तू गुरुजींना का नाही विचारलंस?" मुनिराबाई म्हणाल्या.

"गुरुजी तं आपलेच हैत की."

नानासाहेब गोरेमोरे झाले. मधल्या सुट्टीची घंटा द्या, म्हणाले.

"सुट्टीला वेळ आहे, गुरुजी." मुनिराबाई पुढं गेल्या आणि त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. "तुम्ही मागं बसा."

नानासाहेब मुकाट्यानं माझ्या शेजारी येऊन बसले.

मुनिराबाईंनी साळूला जवळ बोलावलं. त्या मुळीच रागावल्या नव्हत्या.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "आपले म्हणजे कोण कोण?"