वॉर्डासमोरच्या भिंतीसाठी काढलेलं रान

"आजोबा, हे जळतंय का?"

चित्रावरचं कापड बाजूला केलं आणि हेड सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या.

"काय जळतंय?" बाबांनी विचारलं. बाबा म्हणजे माझे सासरे. गावातले सगळे त्यांना पेंटरबाबा म्हणतात.

"रान हो! सगळं लालेलाल. इथं पेशंट आधीच धास्तावलेले असतात, त्यात उठल्याबसल्या समोर आग?"

मी पुढे होऊन पाहिलं. गावामागच्या टेकडीवरचं आमचंच रान होतं ते. काटेरी जाळ्या, खुरटी झुडपं, मधूनच डोकं वर काढणारे दगड, वाकडीतिकडी पायवाट. एकेक काटा मोजून घ्यावा इतकं नेमकं. आकाशही चांगलं निळं होतं. फक्त पानं विटकरी लाल होती आणि पायवाट हिरवीगार.

बाबांनी चित्राकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"शेडमधल्या रंगाच्या बाटल्या कुणी हलवल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच. पुसून नीट लावल्या."

नीट! माझ्या त्या शब्दाची मला अजून लाज वाटते. मी औषधाच्या दुकानात काम करते. बाटल्या वेड्यावाकड्या दिसल्या की मला चैन पडत नाही. सासूबाई गेल्यावर बाबा पंधरा दिवस शेडकडे फिरकले नव्हते. म्हटलं, तेवढ्यात आवरून टाकू. मोठ्या बाटल्या मागे, छोट्या पुढे. एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती, आणि ती का नव्हती हा प्रश्न माझ्या शहाण्या डोक्यात आला नाही.

रंग कालवायच्या सासूबाई. भरायच्या त्या, फळीवर लावायच्याही त्याच. बाबा पाट्या रंगवत असले की या शेजारी स्टूल टाकून बसलेल्या. आम्ही चिडवायचो, "आई, आता ब्रशपण तुम्हीच धरा!" त्या हसायच्या. चित्र पुरं होईपर्यंत त्यांच्याशिवाय कुणी बघायचं नाही, हा तर घरचा कायदाच होता. आम्हाला वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं प्रेम आहे, चालू दे.

शेवटचे तीन महिने त्या याच वॉर्डात होत्या. दारासमोरची कॉट, आणि दाराबाहेर कॉरिडॉरची ही कोरी भिंत. "ही भिंत बघून बघून डोळे विटले हो," त्या एकदा बाबांना म्हणाल्या. "इथं आपलं रान लावा. पडल्यापडल्या तेवढंच फिरून आल्यासारखं होईल." दर रविवारी दोघं त्या टेकडीवर जायची. बाबांनी सिस्टरांची परवानगी काढली, चित्र सुरू केलं, आणि पेन्सिलीचं काम होईपर्यंत त्या गेल्या. पुढे दीड महिना दार लावून त्यांनी ते एकट्याने पुरं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच एकट्याने.

"वाटही हिरवी केलीय," सिस्टर म्हणाल्या. "मुद्दाम काही आहे का यात?"

हो म्हणाले असते तर सुटले असते. चित्रकार माणूस, काहीही म्हणू शकतो.

"नाही बाई," बाबा म्हणाले. "मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासूनच. ते हिच्या सासूला कळायचं. मी नुसती फळीवरची बाटलीची जागा ओळखायचो."

चाळीस वर्षं गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस भर कॉरिडॉरमध्ये हे सांगत होता. त्यांच्या पोटच्या मुलालाही हे माहीत नव्हतं. सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. "असू दे आजोबा. ठेवून जा. स्टोअरकडच्या बाजूला लावू कुठेतरी."

"नको. तिने सांगितलेलं रान हे नव्हे."

त्यांनी स्वतः कापड गुंडाळलं. मी एक बाजू धरायला गेले तर म्हणाले, "राहू दे." रिक्षात चित्र मांडीवर उभं धरून बसले होते. मला राहवेना.

"बाबा, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? आम्ही कुठे कुणाला सांगितलं होतं? रंग न दिसणाऱ्या पेंटरला कोण काम देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तीच म्हणायची." मग चित्रावरचं कापड सारखं केलं. "चाळीस वर्षांत तिने मला एकदा चुकू दिलं नाही गं."

घरी आल्यावर ते सरळ शेडमध्ये गेले. मी मागोमाग. "मी सांगते ना कुठला रंग कोणता," मी म्हणाले. "आपण पुन्हा काढू."

"सांग," ते म्हणाले.

मी एकेक बाटली उचलून उजेडात धरायची आणि नाव सांगायची. पोपटी. शेवाळी. विटकरी. ते कागदाच्या पट्टीवर काळ्या रंगाने लिहायचे आणि बाटलीवर डकवायचे. त्या बोटभर पट्टीवरही अक्षर असं टपोरं, की दुकानावर लावावं. अकरा बाटल्या झाल्या. मग त्यांनी त्या सगळ्या खाली उतरवल्या, फळी पुसली आणि पट्टी वाचून वाचून एकेक परत मांडली. मोठ्या मागे, छोट्या पुढे असं काही नाही. डावीकडे पानांचे, मध्ये मातीचे, कडेला आकाशाचे. सासूबाई लावायच्या तशा.

"आता कुणालाही कळेल," ते म्हणाले.

मला वाटलं, उद्यापासून नवं चित्र सुरू होईल. मी दुकानातून सुट्टीसुद्धा मागून ठेवली. पण त्यांनी त्यानंतर एकही बाटली उघडली नाही. वर्ष झालं. रंग सुकून झाकणं अशी घट्ट बसलीत, की आता माझ्याच्याने निघत नाहीत.