जोडे बाहेर काढा

मी कूलर बोलतोय. पत्र्याचा, चौकोनी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि पुढे पंखा. चंद्रपूरकडे उन्हाळ्याचे चार महिने माणसं ज्याच्यासमोर हातपाय पसरून पडलेली असतात, तोच. आता माझा पंप गेलाय, पाती गंजलीत, बुडाला भोकं पडलीत. राग मात्र शाबूत आहे, आणि त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. इसरू नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून उभं केलं. शिव्या देत काम करायची त्याची सवय होती, पण माझी प्रत्येक कड त्याने कानशीने घासली, कुणाचं बोट कापू नये म्हणून. खाली लोखंडी चाकं बसवली, पोटात पंप ठेवला आणि सुरू होईना म्हणून पाठीवर एक थापटी मारली. तेव्हापासून मला तीच खोड लागली. बटण दाबलं की पाठीवर एक थाप पडल्याशिवाय माझा पंप काही पाणी चढवायचा नाही.

मला विकत घेतलं ते गडचांदूरच्या वाटेवरच्या एका चुनखडीच्या खाणीच्या ऑफिसने. नाव सांगत नाही. खाणीत सुरुंग उडाला की टेबलावरचे कप वाजायचे आणि पांढरी धूळ फायलींवर बसायची. मला ठेवलं बडे बाबूंच्या टेबलामागच्या खिडकीशी. त्यांचं नाव वामनराव. आठ उन्हाळे मी या माणसाचं टक्कल गार ठेवलं. त्याबदल्यात तो सकाळी माझ्या पाठीत थापटी मारायचा आणि दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून माझ्या टाकीत थुंकायचा. खिडकी उघडायला उठावं लागतं, मी हाताशी होतो. त्याच्या थुंकीवरून आलेली गार हवा अख्खं ऑफिस खायचं आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही, कारण पगारबिलं वामनरावच्या हातून निघायची.

शहाऐंशी साली ऑफिसात कंप्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, जमिनीवर रबरासारखी चटई अंथरली, भिंतीत एसी बसवला. उंबऱ्यावर नारळ फुटला, पेढे वाटले. दारावर पाटी लागली : जोडे बाहेर काढा. लोकांनी ती पाटी अशी काही मनावर घेतली की काय सांगू. डंपरचे ड्रायव्हर नुसतं काचेतून डोकावायला आले तरी आधी चपला काढायचे. वामनराव तर दाराशी जोडे काढून, नमस्कार करून आत जायचा. खरं सांगतो, मला त्या यंत्राचा मत्सर वाटला. माझ्यापुढे कधी कुणी चप्पल काढली नव्हती.

मग कंप्युटर चालवायला माणूस पाहिजे अशी जाहिरात निघाली. पदवी पाहिजे, इंग्रजी टायपिंग पाहिजे, कंप्युटरचा कोर्स पाहिजे, अनुभव असल्यास उत्तम. वामनरावने आपला साळा बिरजू याला आधीच सांगून ठेवलं होतं की जागा तुझीच. बिरजूने नागपूरहून एक सर्टिफिकेट आणलं होतं आणि ते फ्रेम करून आणलं होतं. फ्रेम फार सुबक होती.

मुलाखती माझ्यासमोर झाल्या. त्यात आलापल्लीची कुंता रामटेके आली. बापाचं नाव खुशाल, तो सागवानाच्या डेपोत लाकडं चढवणारा. मुलगी बी.एस्सी. झालेली. नागपूरला इंदोऱ्यात मावशीकडे राहून तिने कंप्युटरचा कोर्स केला होता. खाणीच्या साहेबांनी विचारलं, अनुभव किती? तिने आपले कागद त्यांच्यापुढे ठेवले. मग म्हणाली, "साहेब, या भागात कंप्युटर पहिल्यांदा तुमीच आणला. तं अनुभव मी कुठून आणू?"

साहेब पुण्याकडचे, हसले. मग त्यांनी यंत्रावर बसवून परीक्षा घेतली. बिरजू कळफलकावर एकेक अक्षर शोधत राहिला. कुंताने दिलेली पगारपत्रकं छापून समोर ठेवली. जागा तिला मिळाली.

मिळाली म्हणजे कशी, तेही ऐका. वर्षभर हंगामी. महिन्याला सहाशे रुपये, वर एक पैसा नाही. डंपरच्या ड्रायव्हरला यापेक्षा जास्त मिळायचे. वर्ष नीट गेलं तर नोकरी पक्की, पगारश्रेणी, महागाई भत्ता सगळं. यंत्राला काही झालं तर घरी, आणि अनुभवाचा दाखलाही नाही. त्या दाखल्याशिवाय पुढे नागपुरात कुणी दारात उभं करणार नाही, हे कुंताला पक्कं ठाऊक होतं. ते वर्ष मे महिन्यात संपणार होतं.

काचेच्या खोलीत तिचं टेबल येईपर्यंत ती माझ्या शेजारी बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने माझी टाकी उघडली. आतलं लाल पाणी बघून तिने विचारलं, हे कुणाचं काम? सगळे फायलीत डोकं घालून बसले. तिने टाकी उपसली, राखेने घासली, ताट्या उन्हात वाळवल्या. मग पाणी भरणाऱ्या सोमारीबाईला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्या पाण्याची हवा सगळे खातेत, त्यात थुंकत नसतेत, बाई."

आठ वर्षांत माझ्यासाठी कुणी बोललं असेल तर ते तेवढंच. वामनरावचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्याने कुंताचाही हात लागणाऱ्या ऑफिसच्या माठाचं पाणी सोडलं आणि स्वतःपुरती वेगळी सुरई आणून ठेवली. का, ते कुणाला विचारावं लागलं नाही. कुंतालाही नाही. तिने ती सुरई बघितली आणि कामाला लागली. मी मात्र त्या दिवशी मनात गाठ मारली. थुंकी मी गिळली होती, ही सुरई मला गिळता येईना.

वर्ष चांगलं गेलं. पगार वेळेवर निघू लागले, मजुरांच्या हजेरीतले घोळ मिटले आणि वामनरावच्या टेबलाभोवतीची गर्दी ओसरली. तो काचेकडे बघत खर्रा चघळत बसायचा. आता तो खिडकीतून बाहेर थुंकायचा, एवढाच फरक.

मग मे उजाडला. खाणीतले दगड हाताला चटके देऊ लागले. साहेब भावाच्या लग्नाला पुण्याला गेले, सोमवारी येणार होते. शनिवारी सकाळी एसी बंद पडला. दुरुस्तीला माणूस नागपूरहून यायचा. कुंताने यंत्र बंद केलं, झाकलं आणि सांगितलं की एसी सुरू होईपर्यंत कुणी त्याला हात लावू नये.

वामनराव भल्या माणसासारखा पुढे आला. म्हणाला, माझा कूलर ने, मी एक दिवस सोसतो. ऑफिसातले सगळे खूश झाले. आमच्याकडे माणसाला ताप चढला तरी आधी कूलरसमोर निजवतात, तर कंप्युटरला का चालू नये? कुंता मात्र नाही म्हणाली. तिने सगळ्यांना नीट समजावलं की कूलरची हवा ओली असते, बंद खोलीत तर पाणीच सुटतं. कागद फुगतो, आतल्या तारांना ओल लागते, यंत्र मरतं.

ती समजावत होती आणि वामनराव शिकत होता. मला त्याचा चेहरा दिसत होता.

शनिवारी अर्धा दिवस. ऑफिस रिकामं झालं. कुंता काचेच्या खोलीला कुलूप लावून गेली. दुसरी किल्ली बडे बाबूंच्या खणात असायची. सगळे गेल्यावर तो परत आला. ज्या माणसाने कधी स्वतःचा पेला भरला नव्हता, तो नळावरून बादल्या आणून माझी टाकी भरू लागला. मला चाकांवरून ओढत त्याने खोलीच्या दाराशी नेलं. उंबऱ्याच्या पट्टीवर मी अडकलो तसा त्याने हिसका दिला. माझ्या पोटातली पंपाची वायर कडेला घासली आणि सोलली. इसरूने कड घासली होती, पण इतक्या वर्षांनी तिला गंज चढून धार आली होती.

आणि आता बघा गंमत. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला निघालेला माणूस, ऑफिसात चिटपाखरू नाही, तरी पाटी दिसल्याबरोबर त्याने जोडे काढले. सवय म्हणतात ती ही. अनवाणी आत आला. हिसक्याने माझ्या टाकीतलं पाणी चटईवर सांडलेलंच होतं. त्याने बटण दाबलं आणि माझ्या पाठीवर नेहमीची थापटी मारली.

मी झटका दिला.

जिवावर बेतेल इतका नव्हे. पण तो कोलमडून मागे बसला, आणि आठ वर्षांची थुंकी मला त्या एका क्षणात वसूल झाल्यासारखी वाटली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्याने मला आईवरून शिवी दिली, टेबलावरची लाकडी पट्टी घेतली आणि तिने माझी पाठ ठोकली. पंप चढला. दार लावून तो निघून गेला.

रविवारभर मी चालत राहिलो. स्वतःला बंद करायची सोय इसरूने दिली नव्हती. काचेवर थेंब धरले, कागदाची चळत फुगली. ज्या मुलीने माझी टाकी धुतली, तिचीच भाकरी माझ्या हवेने भिजत होती. राग काय असतो ते मला त्या दिवशी समजलं.

सोमवारी कुंताने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. मग तिने भिंतीतला प्लग ओढून मला बंद केलं. यंत्र सुरू करून पाहायला तिचा हात होईना. तेवढ्यात साहेब आले. वामनरावने हळहळत सांगितलं की पोरगी सगळ्यांसमोर नको म्हणाली, पण मागाहून तिला उकडलं असेल, तिनेच माझा कूलर आत ओढून नेला. मी तर शनिवारी एकलाच घरी गेलो, तिकडे फिरकलोसुद्धा नाही.

कुंता म्हणाली, मी नेला नाही. पण कुलूप तिने लावलं होतं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दुसरी किल्ली बडे बाबूंच्या खणात, पण ते तर तिकडे फिरकलेच नव्हते म्हणे. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाहेर जागेवर न्यायला सांगितलं आणि कुंताला म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण वर्षाच्या शेवटी मी काय लिहू?"

हॉलमध्ये सगळे घामाघूम उभे होते. साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, वामनराव, तो कूलर तरी लावा.

वामनरावने प्लग लावला. मग टेबलावरची लाकडी पट्टी उचलली, पट्टीने बटण दाबलं आणि पट्टीनेच माझ्या पाठीवर ठोकलं.

रडत असलेली कुंता थांबली. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "वामनभाऊ, आज हातानं थापटी काऊन नाई मारली?"

"करंट मारते तो," वामनराव बोलून गेला.

"कधीपासून?"

तो पट्टी टेबलावर ठेवू लागला. तेवढ्यात सोमारीबाई पाण्याची बादली ठेवत म्हणाली, "मी रोज पाणी भरून राह्यली, तेही बिनाचपलीनं. शनवारी सकाळी भरलं. मले तं नाई लागला."

साहेब वैतागून पुढे आले आणि त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला. काहीच झालं नाही. त्यांच्या पायात जाड तळाचे बूट होते. म्हणाले, कुठे आहे करंट?

"साहेब, जोडे काढून पाहा," कुंता म्हणाली. "बोट नुसतं टेकवा."

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. माझ्याजवळच्या ओल्या फरशीवर उभे राहिले. मी त्यांना बेताचाच दिला, तरी त्यांचा हात सटकन मागे गेला.

कुंता हळूच बोलली, पण हॉलमध्ये प्रत्येकाला ऐकू गेलं. "शनवारी सकाळी यात करंट नव्हता. मंग हा बंद खोलीत होता. अन् जोडे घातले तं झटका लागत नाई. आपल्या ऑफिसात माणसं जोडे काढतेत अशी जागा एकच हाय. वामनभाऊले तो कुठी लागला?"

सगळ्यांनी आधी काचेच्या दाराकडे पाहिलं, पाटीकडे. मग वामनरावच्या पायांकडे. त्याचे जोडे पॉलिश केलेले होते. तोसुद्धा त्यांच्याकडेच बघत होता.

त्याची बडे बाबूची खुर्ची गेली. नोकरी राहिली, कारण साहेब कनवाळू निघाले. मी असतो तर ठेवला नसता. नागपूरच्या माणसाने यंत्र उघडून वाळवलं, एक भाग बदलला, जाताना माझ्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. हजेरीच्या फ्लॉपी तबकड्यांच्या नकला कुंताने आपल्या भाड्याच्या खोलीवर, आई अंजनाबाईने दिलेल्या डब्यात कोरड्या ठेवल्या होत्या, म्हणून पगारही निघाले. तिची नोकरी पक्की झाली. बिरजूची फ्रेम, ऐकतो, अजून भिंतीवर आहे.

पण माझा सूड तिथे संपला नाही, उलट सुरू झाला. पगाराच्या चिठ्ठ्या आता कुंताच्या यंत्रातून निघायच्या आणि ज्याने त्याने खोलीत जाऊन, सही करून घ्यायच्या. दर महिन्याला वामनराव दाराशी वाकायचा, जोडे काढायचा आणि अनवाणी तिच्या टेबलासमोर उभा राहायचा. कुंता एक शब्द वाकडा बोलायची नाही. "या वामनभाऊ," म्हणायची आणि चिठ्ठी पुढे करायची. मी खिडकीशी उभा राहून ते बघायचो आणि त्या दिवशी माझा पंप थापटीशिवाय चढायचा. निवृत्तीच्या दिवशी शेवटची चिठ्ठीसुद्धा त्याने अनवाणीच घेतली. सुरई तो टेबलाखाली विसरून गेला. सोमारीबाईने तिच्यात तुळस लावली.

पुढे कुंता अनुभवाचा दाखला घेऊन नागपूरला मोठ्या पगारावर गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने माझी टाकी शेवटची धुतली. त्या दाखल्यात माझंही थोडं आहे असं मी समजतो.

ऑफिसने मला भंगारात काढलं तेव्हा सोमारीबाईने मला घरी नेलं. आता तिच्या अंगणात माझ्या पोटात कोंबडी अंडी घालते. वाईट चाललेलं नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. कूलरला हात लावायचा असेल तर आधी पायात चप्पल घाला. आणि कुणाच्या पाण्यात थुंकून आला असाल, तर चप्पल घालूनसुद्धा जवळ येऊ नका. चिकटपट्टीखाली माझी वायर अजून सोललेलीच आहे.