अर्धाच विचारलेला प्रश्न

गेल्या वर्षीपर्यंत घरात तिला सगळे मुखदुर्बळ म्हणायचे. पाहुणे आले की ही स्वयंपाकघरात, आणि पाहुणे स्वयंपाकघरात आले की ही बाथरूममध्ये! मग शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी बोलणारी मुलगी तापाने आडवी झाली आणि बाईंनी हिला स्टेजवर अक्षरशः ढकललं. ती सात मिनिटं बोलली. घंटा वाजली तरी बोलली. पहिलं बक्षीस घेऊन घरी आली ती बोलतच आली, आणि त्यानंतर जी सुरू झाली ती थांबलीच नाही. बाबांनी तिचं नाव टकळी ठेवलं. "कुलूप होतं तेच बरं होतं. किल्ली कोणी दिली हिला?" आई म्हणायची, पण हसून.

तर अशा या टकळीकडे एका शनिवारी सकाळी गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी काका शेहेचाळीस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले.

"मला बघितलं की लोक टीव्हीचा आवाज बंद करतात आणि घरात नसल्यासारखे बसतात," काका म्हणाले. "हिला बघून दार तरी उघडतील. सोमवारी फॉर्म नगरपालिकेत द्यायचेत."

प्रश्न पार्किंगचा होता. शहर चारी बाजूंनी फुगत चाललं होतं, गल्लीत घरं शेहेचाळीस आणि गाड्या त्याहून जास्त. अर्ध्या गाड्या दोन चाकं फूटपाथवर चढवून उभ्या असायच्या. संध्याकाळ झाली की हॉर्न, आणि हॉर्ननंतर माणसं. टकळीच्या बाबांनी हौसेने जुनी गाडी घेतली होती, पण ती लावायची तीन गल्ल्या सोडून, पेट्रोल पंपामागे. दोनदा तिचा आरसा कोणीतरी तोडला होता. म्हणजे पार्किंग टकळीलाही हवं होतंच. खिडकीतून खाली बघितलं की आपली गाडी दिसावी, एवढीच तिची इच्छा.

फॉर्मवर एकच वाक्य होतं. 'गल्लीच्या डाव्या बाजूचा संपूर्ण फूटपाथ काढून टाकून त्या जागी रहिवाशांच्या वाहनांसाठी पार्किंग करण्यास आपली संमती आहे काय?' एका दमात म्हणून दाखवा बघू!

टकळीने म्हटलं. पहिल्या दारात अगदी स्टेजवर म्हणावं तसं म्हटलं. तिथले बँकेतून रिटायर झालेले आजोबा खूश झाले, तिला बसवून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या समासात चाळीस वर्षांपूर्वीच्या शहराचा नकाशा काढायला लागले. पस्तीस मिनिटांनी त्यांनी 'हो' वर खूण केली. दुसऱ्या दारात दातांची डॉक्टरीण होती. "फूटपाथ काढून?" ती जवळजवळ ओरडलीच. "आणि माझे पेशंट कुठून येणार? गाल धरून गाड्यांच्या मधून?" तिसऱ्या घरात नवरा 'हो' म्हणाला, बायको 'नाही' म्हणाली, आणि मग त्यांचं जे जुंपलं त्यात फूटपाथ कुठल्या कुठे राहिला, सासूबाई आल्या, लग्नातली वरात आली. "फॉर्म एकच आहे हो," असं टकळी चारदा म्हणाली. चौथ्या घरातल्या शिंप्याने तोंडात टाचण्या धरून जे सांगितलं त्यातलं 'नाही' तेवढं तिला कळलं.

चार दारं, सव्वादोन तास. बेचाळीस दारं बाकी, आणि सोमवारी बीजगणिताची परीक्षा.

पाचव्या दारात तिच्या जिभेनेच काय ते ठरवलं.

"काकू, गल्लीत पार्किंग हवं ना?"

"हवं म्हणजे? हवंच! रोज कटकट मेली!"

खूण, सही, दीड मिनिट! पॅड पुढे करायचं, सहीच्या रेघेवर बोट ठेवायचं, गोड हसायचं. टकळीला वाटलं, आपण काय भारी आहोत! तिला वाक्य छोटं करता येत होतं, माणसं पटवता येत होती. फॉर्म कोणी वाचला नाही हे खरं होतं. पण तिने वाचू दिला नाही, हे जास्त खरं होतं. स्वतःच्या घरात तर बाबांनी आतूनच ओरडून सांगितलं, "आपलं 'हो' टाक!" आणि येऊन सही ठोकली.

रविवारी दुपारी ती टायपिस्ट मावशींकडे पोहोचली.

मावशींनी कोर्टात एकतीस वर्षं टायपिंग केलं होतं. रिटायर व्हायच्या सुमाराला नजर अधू व्हायला लागली, आणि आता तर खिडकी कुठे आहे तेवढं उजेडावरून कळायचं. त्या एकट्याच राहायच्या. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, आणि तीन रबरबँडवाल्या बरणीत काय आहे ते त्या कोणाला सांगत नसत. रोज सकाळी काठी घेऊन डाव्या फूटपाथवरून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायच्या. दोनशे बारा पावलं. कुठली फरशी उचकटलीय, खांब कितव्या पावलाला येतो, सगळं त्यांना पाठ होतं.

"मावशी, गल्लीत पार्किंग हवं ना?"

"हवं बाई," मावशी म्हणाल्या. "गाड्यांना जागा मिळाली की माझ्या फूटपाथवर तरी चढणार नाहीत. परवा कोणाच्या तरी बंपरला गुडघा आपटला माझा. हे बघ." त्यांनी परकराची कडा वर करून जखम दाखवली. खपली अजून ताजी होती.

टकळीचं तोंड उघडलं होतं. मावशी, तसं नाही, फूटपाथच काढणारेत... एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग प्रश्न आले असते, मग चहा झाला असता, मग पाऊण तास. खाली अजून नऊ घरं होती. बीजगणिताचं तर पुस्तकही उघडलं नव्हतं.

"सही कुठे करू?" मावशींनी विचारलं.

टकळीने त्यांचं बोट धरलं आणि रेघेवर नेऊन ठेवलं. मावशींनी त्याच बोटाला पेन टेकवून सावकाश, वळणदार सही केली. "सरळ आली का गं?"

"एकदम सरळ," टकळी म्हणाली.

सोमवारी फॉर्म गेले. शेहेचाळीसपैकी एकेचाळीस 'हो'! सेक्रेटरी काकांनी समितीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. शाळेत प्रार्थनेनंतर बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजत होत्या आणि टकळीला राहून राहून ते मऊ, सुरकुतलेलं बोट आठवत होतं. तिने मान झटकली. बीजगणितात बऱ्यापैकी मार्क पडले. झालं की मग!

झालं कुठे? तिसऱ्या आठवड्यात दोन माणसं फीत घेऊन आली आणि फूटपाथवर पिवळ्या रंगाच्या खुणा करायला लागली. टकळी सकाळी शाळेत निघाली होती. समोरून मावशी, हातात पावाची पिशवी.

"टकळी ना गं तू? चपला ओढत चालतेस त्यावरून ओळखलं. हे लोक मोजतायत काय?"

टकळी पिवळ्या खुणेवरून बाजूला सरकली.

"दुरुस्ती करणार असतील," मावशीच म्हणाल्या. "ती उचकटलेली फरशी एकदाची बसेल. तुझ्यामुळे झालं हो हे. मी बेकरीवाल्याला पण सांगितलं, आमच्या गल्लीतली पोरगी आहे म्हणून झालं." आणि पिशवीतून एक गरम पाव काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

तो पाव तिच्याने खाववेना. टाकवेना पण. दप्तरात तीन दिवस राहून तो दगडासारखा झाला. चौथ्या दिवशी खांबावर नोटीस लागली, येत्या सोमवारपासून खोदकाम. टकळीने ती वाचली आणि घरी न जाता सरळ मावशींचा जिना चढली.

तिने सगळं सांगितलं. फटाफट, एका दमात, स्पर्धेत बोलावं तसं. आणि शेवटी, "सॉरी मावशी, खरंच सॉरी, घाईघाईत झालं."

मावशींचा हात टेबलावर फिरत होता, काही शोधत नव्हता, नुसता फिरत होता.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी गुडघा दाखवला तेव्हा."

"हो."

"आणि माझं बोट धरलंस."

टकळी रडायला लागली. मावशींनी तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या टाइपरायटरवरचं कापड काढलं आणि कागद चढवला.

"डोळे पूस आणि सांग. नगरपालिकेला लेखी द्यावं लागेल. तू सांगायचं, मी टाइप करते."

"मी काय सांगू?"

"जे केलंस ते."

टकळीने नाक ओढलं. "महोदय, सर्वेक्षणाच्या वेळी वेळेअभावी काही त्रुटी राहून गेल्या..."

बटणं थांबली. "राहून गेल्या? आपल्या पायांनी आल्या आणि राहून गेल्या? एकतीस वर्षं आरोपींचे जबाब टाइप केलेत मी. सगळ्यांकडून सुरी आपोआपच चाललेली असते."

"मी... मी घाईत..."

"घाई खोड. पुढे."

"मी बेचाळीस घरांत पूर्ण प्रश्न विचारला नाही. फूटपाथ काढणार आहेत हे मी सांगितलं नाही."

खट खट खट. ओळ संपली, घंटी वाजली. मावशींची बोटं न बघता धावत होती, एकही अक्षर चुकत नव्हतं.

"पुढे."

"काही जणांचा गैरसमज झाला हे..." ती थांबली. तिचं तिलाच कळलं. "टायपिस्ट मावशींना वाटलं की फूटपाथ मोकळा होणार आहे. ते चूक आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्यांचं बोट धरून त्यांची सही घेतली."

हे टाइप करताना मावशींचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही. तेच टकळीला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मावशी टकळीला घेऊन नगरपालिकेत गेल्या. इंजिनियर साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. सेक्रेटरी काका शेजारी लालबुंद होऊन उभे. "पोरीटोरींच्या नादी लागून माझं नाक कापलं गेलं साहेब!"

"फॉर्म रद्द करावे लागतील," साहेब म्हणाले. "रविवारपर्यंत नवे द्या. नाहीतर सोमवारी काम सुरू. वरून तसा आदेश आहे. आणि या मुलीने विचारायचं नाही."

"ही नाही विचारणार," मावशी म्हणाल्या. "मी विचारीन. ही मला फक्त हाताला धरून नेईल."

तर मग काय वरात निघाली! पुढे मावशींची काठी, कोपराला धरून टकळी, काखेत कोरे फॉर्म. मावशी दारोदार ते लांबलचक वाक्य पाठ म्हणायच्या, एकही शब्द न गाळता, आणि वर सांगायच्या, "स्वतः वाचा, मग खूण करा. मला घाई नाही." लोक वाचायचे, डोकं खाजवायचे, भांडायचे. "अहो, फूटपाथ काढून? हे कधी म्हणाले होते?" आणि मग टकळीकडे बघायचे. ती मावशींच्या खांद्यामागे सरकायची आणि जमिनीकडे बघायची. गल्लीभर बातमी झालेली होती, कुजबुज कानावर येतच होती. गप्प राहणं किती सोपं असतं, हे तिला पुन्हा आठवलं.

रविवारी दुपारपर्यंत बेचाळीस दारं झाली. सत्तावीस 'नाही', पंधरा 'हो'. उरलेल्या चार घरांत पहिलं घर टकळीचंच. बाबा चार दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

"मावशी, निकाल लागल्यातच जमा आहे," ती हळूच म्हणाली. "राहू दे ना आमचं."

"विचारायचं म्हणजे सगळ्यांना विचारायचं. बेल वाजव."

बाबांनी दार उघडलं. मावशींनी वाक्य म्हटलं. बाबांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा फूटपाथच्या दिशेला.

"मावशी, तुमच्यासमोर बोलायला कसंतरी वाटतं. पण मला हवंय पार्किंग. कालच तिसऱ्यांदा आरसा गेला."

"मग तसंच लिहा. खोटं 'नाही' घेऊन मी काय करू?"

बाबांनी फॉर्म घेतला, दाराच्या चौकटीला टेकून अख्खा वाचला, 'हो' वर खूण केली आणि सही केली. मागच्या वेळी त्यांनी तो वाचला नव्हता. टकळीकडे न बघता फॉर्म परत देताना त्यांना बहुतेक तेच आठवलं.

जिन्यात टकळी म्हणाली, "मावशी, बाबांच्या वतीने सॉरी."

"त्यांनी वाचून दिलं, त्यांचं कसलं सॉरी? तुझं तू म्हण."

"म्हटलं की मी तुम्हाला."

"मला म्हटलंस. इंजिनियरला लिहून दिलंस. आणि बाकीची चाळीस घरं? तीन दिवस माझ्या पाठीमागे उभी आहेस. मला दिसत नाही, पण श्वास ऐकू येतो." मावशींनी कोपर तिच्या हातातून सोडवून घेतलं आणि कठडा धरला. "मी इथे थांबते."

पुढचं दार त्या पाचव्या घरातल्या काकूंच्या बहिणीचं होतं. टकळी दोन पायऱ्या वर गेली. जीभ टाळूला चिकटली होती, अगदी गेल्या वर्षीसारखी. तिने बेल वाजवली. आत टीव्हीचा आवाज चटकन बंद झाला. ती थांबली, मग पुन्हा वाजवली. दार बोटभर उघडलं.

"काकू, फॉर्म मावशी देतील," टकळी म्हणाली. "त्याआधी मला बोलायचंय. मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धाच प्रश्न विचारला. मुद्दाम."

दार तसंच, बोटभरच उघडं राहिलं.

"थांब," आतून आवाज आला. "ह्यांना पण बोलावते. त्यांनाही ऐकू दे."

टकळी थांबली.