इथं लायसन्स लागत नाही

अनंतला बॉस्टनमध्ये अटक झाली हे त्याच्या आईवडिलांच्या आधी मला कळलं. कारण एवढंच, की त्या काळी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, प्रताप नगरच्या आमच्या ओळीत टेलिफोन फक्त आमच्याकडे होता. माझा मुलगा टेलिफोन खात्यात, म्हणून मिळालेला. फोनवर अनंतची बायको जया होती. शेजारच्या मामाजींना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, बोलवा म्हणाली. आणि मी काही विचारायच्या आत तिने सांगूनही टाकलं की ह्यांना पोलिसांनी धरलं, गाडीत पिस्तूल सापडलं. जामीन झालाय, पण खटला चालणार आहे.

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि कुंपणाशी गेलो. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव केली. बातमी कशी द्यावी हे मला कधी जमलेलं नाही. पलीकडे अनंतचे वडील, रुपराव, संत्र्याच्या झाडाला आळं करत होते. "फोन आहे, अमेरिकेचा," एवढंच मी म्हणालो. ते मातीच्या हातांनी धावत आले.

रुपराव वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे एक दुनळी बंदूक होती. दरवर्षी दसऱ्याला ते ती पाटावर मांडत, हळदकुंकू लावत, नळ्यांवर झेंडूची माळ घालत, आणि ओळीतल्या सगळ्यांना बघायला बोलावत. त्या वर्षीचा दसराही नुकताच झाला होता. बंदुकीच्या परवान्याबद्दल त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. जुना प्रांत मोडून त्यांच्या बहिणीचं गाव शिवनी मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हा त्यांचा परवाना तिकडे चालेनासा झाला. बहिणीकडे जाताना ते बंदूक घरी कुलपात ठेवून जात. काल एक मुलूख होता आणि आज दोन झाले, हे त्यांना मनातून पटलं नव्हतं, पण पाळायचे.

फोन संपल्यावर ते आमच्या ओसरीवर बसले. हातांवरची माती चोळत होते.

"लायसन्स नाही म्हणून धरलं म्हणते," ते म्हणाले. "आनंदराव, मी त्याले विचारलं होतं. दोनदा विचारलं. तो म्हणे, बाबा, इथं लायसन्स लागत नाही. माझ्याशी खोटं बोलला काय हो तो?"

मला काही माहीत नव्हतं. पाहून सांगतो, असं मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी वाटलं की नको ती जबाबदारी घेतली.

अनंत तिकडे व्हरमाँट नावाच्या राज्यात, यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. घर गावाच्या टोकाला. एकदा तो पाळीवर असताना कोणीतरी स्वयंपाकघराची खिडकी फोडली. जया आत एकटी होती. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, एक फॉर्म भरला आणि पिस्तूल घेऊन आला. हे त्याने बापाला फोनवर सांगितलं. बापाने परवान्याचं विचारलं, त्याने ते उत्तर दिलं, आणि मग दसरा जवळ आला तसं बापाने दुसरं सांगितलं: घरात शस्त्र आहे तर पूजा झाली पाहिजे. आपल्या गावी सगळ्यांची शस्त्रं एका जागी मांडून पूजा होते, तू एकटा काय करशील, चार लोकांत घेऊन जा. चार लोक बॉस्टनला होते. तिथल्या मराठी मंडळींनी दसऱ्याचं जेवण ठेवलं होतं.

मी तीन दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसलो. अमेरिकन साप्ताहिकं चाळली, कायद्याची दोन जाड पुस्तकं काढली. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यात कायद्याचं इंग्रजी. एकेक वाक्य तीनतीनदा वाचूनही समजलं ते बरोबर की चूक अशी धाकधूक राहायची. पण एवढं कळलं, की अनंत खोटं बोलला नव्हता. व्हरमाँटमध्ये पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही, खिशात घालून फिरायलाही लागत नाही. तिथं परवाना देणारं ऑफिसच नाही. फक्त त्याचं 'इथं' त्या एका राज्यापुरतं होतं, आणि रुपरावांनी ते सगळ्या अमेरिकेएवढं धरलं होतं. अनंतनेही धरलं असावं.

मी जाऊन सांगितलं. इंदूबाई, रुपरावांच्या पत्नी, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. अनंतच्या गावाहून बॉस्टन म्हणजे इथून अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला जाण्याएवढं असेल, मी म्हणालो, पण तेवढ्या रस्त्यात तीन राज्यं लागतात. पहिल्यात काही विचारत नाहीत. मधल्यात गाडीत भरलेलं पिस्तूल ठेवायचं तर परवाना लागतो. तिसऱ्यात, जिथं बॉस्टन आहे, तिथं रिकामं असलं तरी परवाना लागतो, आणि नसला तर तुरुंग.

रुपरावांनी डोळे मिटले. अमरावती रस्ता त्यांना झाडान् झाड पाठ होता.

"म्हणजे वाडीपर्यंत मोकळं," ते सावकाश म्हणाले. "कोंढाळीपर्यंत गोळ्या काढून ठेवा. अन् तळेगावच्या पुढं जेल."

"तसंच."

"नाक्यावर सांगत नाहीत कोणी?"

"नाकाच नाही. पाटी असते, सुस्वागतम् अशी."

"मंग माणसाले समजन कसं?"

पुढचं तर मला सांगवतच नव्हतं. मुलाची चूक अजाणतेपणी झाली, पिस्तूल रिकामं होतं, शेजारी कुंकवाचा करंडा होता, हे सगळं कोर्टाला पटलं तरी उपयोग नव्हता. त्या राज्याने तीनचार वर्षांपूर्वी नवा कायदा केला होता: गुन्हा शाबित झाला की एक वर्ष तुरुंग. कमी करता येत नाही, दंडावर सोडता येत नाही, पहिला गुन्हा म्हणून माफ करता येत नाही. न्यायाधीशाचे हात मुद्दामच बांधून ठेवलेले. मी ते हळू आवाजात सांगितलं, जणू हळू सांगितल्याने कमी होणार होतं.

"साहेबाच्या हातात काहीच नाही?" रुपराव म्हणाले. हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ते स्वतः जंगलात साहेब होते. मोळी घेऊन जाणाऱ्या बायका पकडल्या की एकीला दंड करत, दुसरीचं पोर कडेवर पाहून सोडून देत. माणूस पाहिल्याशिवाय शिक्षा ठरते, असा कायदा त्यांनी ऐकला नव्हता.

मग त्यांनी एक अर्ज लिहायचं काढलं. मी इंग्रजी करायचं. न्यायाधीशाला समजावायचं की पूजेला मांडलेलं शस्त्र हे हत्यार नसतं, त्या दिवशी ते चालवतच नाहीत. मी लिहायला बसलो आणि 'शस्त्रपूजा' या शब्दाशीच अडलो. शब्दाला शब्द ठेवला तर दरोडेखोरांची टोळी देवीपुढे बसलीय असं वाचताना वाटे. दुसरं काही लिहिलं तर त्यात पिस्तूलच उरत नसे. संध्याकाळपर्यंत चार कागद फाडले. शेवटी रुपराव म्हणाले, एवढंच लिहा की दोष पोराचा नाही, बापाचा आहे, बापाने सांगितलं म्हणून नेलं. शिक्षा बापाले द्या, तो यायले तयार आहे.

"पोराच्या जागी बाप चालत असते," इंदूबाई दारातून म्हणाल्या, "तर जगातले अर्धे जेल म्हाताऱ्यांनीच भरले असते." त्या दसऱ्यापासून नवऱ्याशी जेवणापुरतं बोलत होत्या.

अर्ज तसाच पाठवला. जयाने फोनवर सांगितलं की वकिलाने वाचला, आणि फाईलला लावला. फाईलला लावणं म्हणजे काय हे रुपरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नोकरीत असे पुष्कळ लावले होते. अनंतकडे त्याच्या राज्याचा काहीतरी परवाना असता तर वकिलाला तो पुढे करून काही बोलता आलं असतं. पण जिथं कोणालाच लागत नाही तिथून तो कागद आणणार कुठून.

नोव्हेंबरात एका सकाळी जयाचा पुन्हा फोन आला. रुपराव आणि इंदूबाई दोघंही आले. मी आत जायला लागलो, तर रुपरावांनी माझा हात धरून बसवलं. इंग्रजी शब्द आला तर असावं कोणी, म्हणून. लाईन चांगली होती, जयाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. वकिलाने एकच वाट दाखवली होती, ती म्हणाली. पिस्तूल गाडीत आहे हे ह्यांना ठाऊकच नव्हतं, असं झालं तर ह्यांच्यावर गुन्हा शाबित होत नाही. ठाऊक असलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. पिशवी मी भरली होती. ताट, कुंकवाचा करंडा, फुलं, सगळं मीच.

एवढं बोलून ती थांबली. ती का थांबली ते मला कळलं, आणि रुपरावांना तर कळलंच. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मंग तू सांग ना, जया," ते म्हणाले. "तू ठेवली म्हण. त्याले न सांगता."

मी जमिनीकडे पाहत राहिलो. असा सज्जन माणूस असं बोलू शकतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर लेखकावर विश्वास ठेवला नसता.

"काय सांगून राहिले तुम्ही तिले?" इंदूबाई म्हणाल्या. "ते कोणाची पोर नाही काय?"

तिकडून जया रडली नाही. शांतपणे म्हणाली, "मामाजी, मी त्याच दिवशी म्हटलं. ठाण्यावर गेल्यागेल्या म्हटलं, मी ठेवलं, ह्यांना माहीत नाही. पोलीस हसला. कारण त्याला ह्यांनीच सांगितलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं, आम्ही आजवर विचारलंच नव्हतं ते. त्यांची गाडी कोणी झडती घेऊन पकडली नव्हती. मागचा एक दिवा बंद होता म्हणून पोलिसाने थांबवलं. दिवा दुरुस्त करून घ्या म्हणाला, कागद परत दिले, तो वळलासुद्धा होता. तेव्हा अनंतने काच पुरती खाली केली आणि त्याला हाक मारून म्हणाला, साहेब, गाडीत माझं पिस्तूल आहे, रिकामं आहे, पूजेला नेतो आहे.

"काहून?" रुपराव म्हणाले. "कोणी विचारलं होतं त्याले? काहून सांगितलं?"

"तुम्ही शिकवलं म्हणतात," जया म्हणाली. "बंदूकवाल्यानं पोलिसाला आपण होऊन सांगावं. त्यानं विचारायची वाट पाहतो तो चोर."

रुपरावांनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि माझ्या हातात दिला. मी तो धरून उभा राहिलो. तिकडून जया मामाजी, मामाजी करत होती. लाईन आहे, एवढंच मी म्हणालो. शेवटी इंदूबाईंनी तो माझ्याकडून घेतला. आता घडलं ते घडलं, तू जेवत जा, झोपताना दाराला आतून कडी घालत जा, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या. रुपराव भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. त्यांच्या तोंडातून एकसारखं एकच येत होतं, की वळला होता म्हणते तो, वळला होता.

डिसेंबरात निकाल लागला. एक वर्ष. न्यायाधीश म्हणाले म्हणे, की मला वाईट वाटतं. जयाने तेही मुद्दाम सांगितलं, सासऱ्याला बरं वाटेल म्हणून असेल. रुपरावांनी विचारलं, वाईट वाटलं अन् सोडलं नाही? ती म्हणाली, नाही सोडता येत, मामाजी.

त्या दिवसापासून ते माझ्याकडे रोज येऊ लागले. कारखान्याने अनंतची नोकरी ठेवली नव्हती. जया व्हरमाँटचं घर सोडून तुरुंगाजवळ, त्या तिसऱ्या राज्यात, एक खोली घेणार होती; तिथल्या एका मराठी बाईने तिला शिवणकाम मिळवून दिलं होतं. भेटीला जाता येईल, असं तिचं म्हणणं. इकडे ये म्हटलं तर ती ऐकेना. सामान एका ओळखीच्याच्या गाडीतून न्यायचं होतं, त्याच रस्त्याने.

"तिच्यापाशी विळी आहे," रुपराव एक दिवस म्हणाले. "लग्नात तिच्या मायनं दिलेली. लोखंडाची, चांगल्या पात्याची. ते चालते काय हो त्या राज्यात?"

मी म्हटलं, विळी आहे ती, भाजी चिरायची, तिला काय होतं.

"कुठं लिहिलं आहे?"

लिहिलेलं कुठंच नव्हतं. पुस्तकात सुरे होते, चाकू होते, पात्याची लांबी, दुधारी की एकधारी, बटणाचं की घडीचं. पाटाला खिळलेलं, पायाखाली धरून बसायचं पातं त्या लोकांनी पाहिलेलंच नसणार. मी दोन दिवस शोधलं. सापडलं नाही असं सांगितलं, तर ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मी नजर काढून घेतली. चालेल, मी म्हणालो. मला वाटतं चालेल.

"तुम्हाले वाटते," ते म्हणाले.

त्यांनी त्याच दुपारी आमच्याकडून मुंबईमार्गे कॉल बुक केला. लागायला रात्र झाली. तोवर ते ओसरीवरून हलले नाहीत. इंदूबाई दोनदा जेवायला बोलावून गेल्या. लाईन लागल्यावर त्यांनी सुनेला ख्यालीखुशाली विचारली नाही, मुलाचंही विचारलं नाही. विळी तिथंच ठेव, म्हणाले. सोबत घेऊ नको. कोणाले देऊन टाक.

जया काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. बहुतेक तिने विचारलं असावं, मग भाजी कशाने चिरू.

"हातानं तोड," रुपराव ओरडले, कारण लाईन खराब होती. "पालेभाजी करत जा. हातानं तोडता येते."