साबणाची फौजदारीण

“‘या देशात दुपारी तीनला सूर्य कामावरून घरी जातो. झाड दिसलंच, तर लोक थांबून त्याची ख्यालीखुशाली विचारतात. वाळवलेला मासा आधी मी चावला, मग त्याने मला चावलं.’” ओद्दुर गरम कुंडात छातीपर्यंत बुडून पेपर वाचत होता. पेपर भिजू नये म्हणून दोन्ही हात वर, जणू कोणी बंदूक रोखली आहे. “बाई लिहिते मात्र झकास!”

“पुढे वाच,” ह्रेफ्ना म्हणाली. ती काठावरचा बर्फ खरवडत होती.

“पुढे तू आहेस.”

“म्हणून तर म्हणते.”

ओद्दुरने घसा साफ केला. वय एक्याऐंशी, तरी चेष्टेची हौस फिटलेली नव्हती. “‘आइसलंडमध्ये चर्चला कुलूप असतं, पोस्ट बंद पडलेलं असतं, पण पोहण्याच्या तलावावर साबणाची एक फौजदारीण चोवीस तास पहाऱ्यावर असते. तिने मला अंगावरची शेवटची चिंधी उतरवायला लावली, लाल ठिपक्यांच्या चित्रासमोर उभं केलं आणि तीनदा परत न्हायला पाठवलं. माझ्या आईनेही मला इतकं घासलं नव्हतं.’”

कुंडातले दोघे-तिघे खो खो हसले. ह्रेफ्नाही हसली. चोवीस तास नाही, सकाळी सात ते संध्याकाळी सात, एवढीच दुरुस्ती तिने मनात केली.

एकतीस वर्षं ती बायकांच्या न्हाणीघरावर होती. डोकं, काखा, जांघा, पाय. भिंतीवरच्या चित्रातल्या अंगावर जिथे जिथे लाल ठिपका, तिथे तिथे साबण. त्याशिवाय तलावात पाऊल नाही, मग ती पाद्र्याची बायको असो की परदेशची पाहुणी. मासळीचा कारखाना गेला, शाळा गेली, दुकान गेलं. उरलेल्या चाळीस माणसांना एकमेकांची तोंडं दिसत ती या कुंडातच. आता गाव शेजारच्या खाडीतल्या मोठ्या पंचायतीला जोडलेलं होतं, आणि तलाव ठेवायचा की बंद करायचा हे तिथे गुरुवारी ठरणार होतं. त्यातच एकट्याने फिरायला आलेल्या त्या परदेशी बाईचा लेख राजधानीतल्या पेपराने भाषांतर करून छापला, आणि देशभर हशा पिकला.

“उद्या रेडिओवाली तुला फोन करणार आहे ना?” ओद्दुरने विचारलं. “मग सांग की खरं काय ते. हसं झालेल्या तलावासाठी कोण हात वर करणार, पोरी?”

“काय खरं?”

“मला विचारतेस? त्या दिवशी तासभर आत होती ती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, आणि केसांची वेणी तुझ्या हातची. तुझी वेणी मी लांबून ओळखतो, माझ्या लेकींच्या घातल्यास तू.”

“डोळ्यात साबण गेला तिच्या.”

“एकतीस वर्षांत कोणाच्या गेला नाही तो!”

ह्रेफ्नाने फावडं उचललं आणि ती आत गेली.

त्या दिवशी ती बाई न्हाणीघरात नळाखाली उभी राहिली होती ती राहिलीच होती. ह्रेफ्ना आधी साबणासाठी ओरडली, मग जवळ गेली आणि तिला कळलं की चेहऱ्यावरून वाहतंय ते सगळं नळाचं नाही. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येत होती. दोन तिकिटं होती, एवढं समजलं. दुसरं बहिणीचं. बहीण फेब्रुवारीत गेली. मग ह्रेफ्नाने बाह्या सरसावल्या आणि तिचं डोकं धुतलं, लहान पोरीचं धुवावं तसं, कानामागे बोट फिरवून. एकदा, दोनदा, तीनदा. बाईचं रडं थांबेपर्यंत.

बाईने त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं नाही, ते आपण कसं बोलायचं?

न्हाणीघराची अशी रीतच होती. ह्रेफ्नाने एकतीस वर्षांत काय काय पाहिलं होतं! कोणाला दिवस गेलेत हे त्या बाईच्या नवऱ्याआधी ह्रेफ्नाला कळे. छातीतली गाठ, दंडावरचे काळेनिळे वळ. ज्या बाईचं, तिच्याशीच ती बोले. जिला गरज तिला गाडीत घालून डॉक्टरकडे नेई. दाराबाहेर मात्र शब्द नाही. म्हणून तर बायका तिच्यासमोर कपडे उतरवत.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ओद्दुरने खिडकीतला रेडिओ मोठा केला. काचेपलीकडे ह्रेफ्ना ताठ उभी होती, जणू फोनमधून ती दिसत होती.

“ह्रेफ्ना, सगळा देश तुला ओळखायला लागलाय!” रेडिओवाली खिदळली. “खरंच तीनदा धुवायला लावलंस?”

“तीनदा.”

“अगं, पण का? पाहुणी ती! गुरुवारी तुमच्या तलावाचा निकाल आहे. लोकांना सांग ना, त्या दिवशी नेमकं काय झालं?”

ओद्दुर कुंडातून अर्धा उठला. काचेवर वाफ होती, तरी तिचं तोंड उघडलेलं आणि मिटलेलं त्याला दिसलं.

“साबण नीट लावला नव्हता तिने,” रेडिओतली ह्रेफ्ना म्हणाली.

रेडिओवाली पोट धरून हसली. ओद्दुर पुन्हा पाण्यात बसला, हनुवटीपर्यंत. “गाढव आहेस,” तो काचेकडे बघून म्हणाला. “माझ्या बायकोच्या गाठीचंही मला कधी बोलली नाहीस, गाढवे.”

गुरुवारी सहा हात बंदच्या बाजूने वर झाले, ठेवण्याच्या बाजूने एक. ती बोलली असती तर दोन झाले असते, फार तर तीन. ओद्दुरने हा हिशेब तिला सांगितला नाही, आणि तिनेही विचारला नाही.

रविवारी सकाळी पंचायतीच्या माणसाने तलाव रिकामा करायची चावी फिरवली आणि तो निघून गेला. ओद्दुर शेवटचा बाहेर पडला. दारात त्याने टोपी काढली. मग पुन्हा घातली.

ह्रेफ्नाने दाराला आतून कडी लावली. न्हाणीघरात जाऊन सगळे कपडे उतरवले, घडी करून फळीवर ठेवले. लाल ठिपक्यांच्या चित्रासमोर ती उभी राहिली. डोकं, काखा, जांघा, पाय. मग पोहण्याचा पोशाख चढवून बाहेर वाऱ्यात आली आणि शिडीने खाली उतरली.

तलावात पाणी घोट्यापर्यंत उरलं होतं. तेवढ्यासाठी तिने पाय दोनदा धुतले होते.