भरल्या घागरीचा पाठ

मी एक जुनी तांब्याची कळशी आहे. मथुराबाई गेल्याचे शाळेत कळले, तेव्हा येरमाळ्याच्या शाळेत उत्तरेश्वर गुरुजी मला तिरपी धरून पेल्यात पाणी ओतत होते. मुले ओरडत होती, "ही इज पोअरिंग वॉटर!" तेवढ्यात शेजारच्या द्वारकाबाई दारात आल्या.

"गुरुजी, घराकडं चला. मथुरावहिनी हाक मारली तर ओ देईनात."

एवढेच त्या म्हणाल्या, पण त्यांचा पदर डोळ्यांना लागला होता. गुरुजी मला हातात घेऊनच दारापर्यंत गेले, मग परत आले, मला टेबलावर ठेवले आणि धावत निघाले.

मित्रांनो, मथुराबाई म्हणजे गुरुजींची बायको. मी तिच्या माहेरची. तिच्या वडिलांनी लग्नात देण्यासाठी मुरुम गावच्या तांबटाकडून मला घडवून घेतले. "पोरगी काटकुळी हाय, तिला पेलंल अशी कर," असे त्यांनी सांगितले होते. म्हणून मी लहान आणि हलकी झाले. पुढे विषमज्वर होऊन गेल्यावर मथुराबाईला जराशा कामाने दम लागू लागला. घरातली मोठी पितळी घागर कोपऱ्यात गेली आणि आडाचे पाणी माझ्यातूनच येऊ लागले. ती मला रोज चिंचेने घासायची. घासताना माझ्याशी बोलायचीही.

तेव्हा निजामाचे राज्य जाऊन काही वर्षे झाली होती. जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला आणि शाळेत इंग्रजीला जोर आला. गुरुजी स्वतः उर्दूत शिकलेले. ते सुट्टीत इंग्रजीच्या शिक्षणवर्गाला जाऊन आले. चालू वर्तमानकाळ नुसता पाठ करून घ्यायचा नाही, काम करून दाखवायचे आणि ते चालू असतानाच वाक्य म्हणायचे, ही रीत त्यांना तिथे मिळाली. तांब्यातले पाणी मागच्या मुलांना दिसेना, म्हणून त्यांनी मला घरून आणले.

मला शाळा फार आवडली. एकदा बलभीम पेला तोंडापाशी धरून म्हणाला, "आय ॲम ड्रिंकिंग वॉटर."

लीला लगेच उठली. "खोटं, गुरुजी! घोट कुठं गिळला यानं?"

"अगं, गिळू का बोलू? एका तोंडानं दोन कामं कशी व्हतील?"

गुरुजीसुद्धा पोट धरून हसले. हेडमास्तरांनी मला हातात घेऊन शाबासकी दिली. मी खूश होते. घरी आता पाणी कशातून येते, हे माझ्या मनातही आले नाही.

एक दिवस मथुराबाई आडावरून येताना शाळेच्या दाराशी थांबली. कमरेवर तीच पितळी घागर, काठोकाठ भरलेली. चेहरा घामाने ओला.

"अहो, आज तरी कळशी द्या की. घागर लई जड जाती मला."

गुरुजींचे डोळे चमकले. "थांब, थांब! तशीच उभी राहा. मुलांनो, बघा! शी इज कॅरीइंग अ पॉट. एकेकानं उठून म्हणा."

पहिल्या बाकापासून मुले उठू लागली. मथुराबाई लाजून हसली आणि उभी राहिली. कुणी अडखळले की गुरुजी त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेत. तिने घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. मग खाली ठेवायला वाकली.

"ठेवू नको! काम थांबलं तर वाक्य खोटं पडंल."

"गुरुजी, काकूला दम लागलाय," लीला म्हणाली.

"झालंच. शेवटचा बाक राहिलाय."

शेवटचा बाक झाला. तिने दाराला टेकून श्वास घेतला. "झालं का तुमचं इंग्रजी? द्या आता कळशी."

"शाळा तपासायला इन्स्पेक्टर येऊन जाऊ देत, मग आणतो."

"सायबांना सांगा, आमच्या घरी बी पाणी लागतं म्हणावं!"

सगळे हसले. ती भरली घागर घेऊन गेली. मी टेबलावरच राहिले. त्याच आठवड्यात द्वारकाबाई ती बातमी घेऊन आल्या.

दिवसकार्य आटोपून गुरुजी शाळेत आले. त्यांना हेडमास्तरांशी बोलताना मी ऐकले. "डॉक्टरला विचारलं, जड उचलल्यानं झालं का? म्हणाले, तापानं काळीज कमजोर झालं होतं, नक्की सांगता येत नाही." हेडमास्तर म्हणाले, "मग तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." गुरुजी म्हणाले, "ती ठेवायला वाकली होती हो. मीच ठेवू दिली नाही."

इन्स्पेक्टर आले आणि गेले. गुरुजींनी तो पाठ त्यांना दाखवला नाही, मला कपाटात ठेवून दिले. आता ते फळ्यावर वाक्ये लिहून देतात, आणि मुले ती वहीत उतरवतात. रोज सकाळी शाळेसमोरून ते तीच घागर भरून नेतात. वाटेत कुणी हात लावू म्हटले तरी देत नाहीत.

मित्रांनो, घरचे माणूस हसत हसत काही मागते, तेव्हा ते खरेच नडलेले असते. वर्गात माझे कौतुक चालू होते, तेव्हा तिच्या कमरेवर माझ्या जागी घागर होती. हे मला कळायला हवे होते. तुम्ही तरी मागितलेली वस्तू त्याच दिवशी देऊन टाका.

परवा लीलाने कपाटात मला पाहिले. "गुरुजी, काकूची कळशी घरी आणून देऊ का?" तिने विचारले. गुरुजींनी मान हलवली, पण हो की नाही ते तिला कळले नाही.

मी अजून शाळेच्या कपाटात आहे. मला घरी न्यायचे राहिले आहे.